तीन नंबरचा लाडका

पेंटरला दोन गोष्टी मनापासून जमायच्या. एक, भिंतीला रंग देणं. दुसरी, दुसऱ्याचं बरं चाललेलं बघून जळणं. पहिल्या कामातून तो अधूनमधून सुट्टी घ्यायचा, दुसऱ्यातून कधीच नाही.

तुरुंगात आला तोही या जोडधंद्यापायीच. एकदा घरातला बल्ब गेला. बायकोनं शेजारच्या भावजींना हाक मारली. भावजी पेंटरच्याच शिडीवर चढले आणि वरून म्हणाले, "वहिनी, चहा पाजावा तर तुम्हीच." खाली उभ्या पेंटरनं हातातला कप शांतपणे बाजूला ठेवला आणि शिडी ओढून घेतली. भावजींचा पाय दोन ठिकाणी मोडला. कोर्टात पेंटरनं एवढंच सांगितलं, "शिडी माझी होती, साहेब." ते खरंच होतं, पण कामाला आलं नाही.

बायको इतकी चिडली की एकदाही भेटायला आली नाही. आणि आता, इतक्या महिन्यांनी, बराकीतल्या धोब्याच्या बहिणीबरोबर तिचा निरोप आला होता: "येत्या रविवारी येते. समोरासमोर सांगायचं आहे." काय सांगायचं आहे ते निरोपात नव्हतं. त्यामुळे पेंटरच्या डोक्यात ते रोज नवं नवं यायचं, आणि प्रत्येक वेळी त्यात भावजी असायचे. दोन्ही पायांवर धडधाकट उभे.

आता नेमक्या याच वेळी माणसानं गुमान राहावं की नाही? पण नशीब फिरलं की बसल्या जागी फिरतं. पेंटरचं फिरलं तेव्हा तो बसलासुद्धा नव्हता, बसले मोठे साहेब.

मोठे साहेब वरून तपासणीला येणार म्हणून पेंटरला अंगणातला बाक रंगवायला लावलं होतं. पेंटरनं पांढऱ्या बाकावर काळे पट्टे ओढले आणि शेजारी 'रंग ओला आहे' अशी पाटी ठेवली. तुरुंगाचे साहेब फेरी मारत आले, पाटी त्यांना गबाळी वाटली, त्यांनी ती उचलायला लावली. थोड्या वेळानं मोठे साहेब आले, दमले, बसले, उठले. त्यांच्या पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत झकास पट्टे उमटले. मागून चालणाऱ्या सगळ्यांना ते दिसत होते, पण मोठ्या साहेबांना तुमच्या बुडाला काळं लागलंय हे सांगणार कोण? त्यांनी तसाच सगळा तुरुंग तपासला. परत जाताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाठमोरे पट्टे पाहिले आणि खांद्याला धरून दरडावलं, "कुठं निघालास रे? चल, वळ मागं."

पहारेकऱ्याची बदली झाली, पाटी उचलणारे साहेब गप्प बसले आणि पेंटर डब्यात गेला.

डबा म्हणजे एकट्याला कोंडायच्या खोल्या. त्या इमारतीवर 'आत्मपरीक्षण विभाग' असं नाव होतं. तेही पेंटरनंच रंगवलं होतं, आणि रंगवताना मनात म्हटलं होतं, आत बसणाऱ्यांची मजा आहे लेको, घोरणारं कोणी नाही. बराकीत दाटी एवढी होती की एकानं कूस बदलली तर सगळ्या रांगेला बदलावी लागायची. डब्यात जाऊन आलेल्यांवर तो तेव्हापासून जळायचा. ते परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून का बसतात, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, शिष्टपणा करतात.

त्याची शिक्षा शनिवारी संपत होती. म्हणजे रविवारी भेट होणारच होती. अट एकच, मध्ये काही आगळीक करायची नाही. केली की शिक्षा वाढली, आणि डब्यातल्या माणसाला भेट नाही. हे साहेबांनी दार लावतानाच बजावलं होतं. "शनिवारपर्यंत तोंड बंद," ते म्हणाले. "बोलायचं असेल तर स्वतःशी बोल. त्यासाठीच आहे हे."

पहिले एक-दोन दिवस पेंटर राजासारखा लोळला. मग राजाला प्रजा आठवायला लागली. दिवा चोवीस तास जळायचा. खिडकी नव्हती. दाराला वर एक झाकण होतं, ते साहेब उघडायचे. खाली एक फट होती, तिच्यातून ताट यायचं. भिंत कुठल्या रंगाची आहे ते त्याला पहिल्या दिवशी सांगता आलं, नंतर त्या रंगाचं नावच आठवेना. आयुष्यभर ज्या रंगाचे डबे उपसले त्याचं नाव ओठावर यायचं आणि मागं फिरायचं. मग तो नळाशी भांडला. नळ थेंब थेंब टपकायचा आणि पेंटर काही बोलायला लागला की नेमका थांबायचा, ऐकून घेतल्यासारखा. एकदा दाराखालून एक मुंगी बाहेर गेली. पेंटर पालथा पडून तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या छातीत जुनी ओळखीची कळ उठली. मुंगीवर जळायची वेळ आली म्हणजे सगळ्यात खालची पायरी आली, हे त्याचं त्यालाही कळलं.

आणि नेमक्या त्याच दुपारी त्याला तीन नंबरचा शोध लागला.

पेंटर होता दोन नंबरमध्ये. ताट घेऊन येणारा पहारेकरी म्हणजे मामा. त्याला सगळा तुरुंग मामाच म्हणायचा. बोलघेवडा असा की साध्या 'कसं काय'ला अर्धा तास उत्तर द्यायचा. पण डब्यातल्या कैद्याशी बोलायचं नाही असा नियम होता. त्यामुळे मामा फटीतून ताट सरकवायचा, खाकरायचा आणि पुढं जायचा. "मामा, आज वार कोणता?" खाकरणं. "मामा, बाहेर ऊन आहे का?" खाकरणं. पेंटरनं पोट दुखतंय म्हणून गडाबडा लोळून दाखवलं. मामा जरा जास्त खाकरला, एवढंच.

त्या दुपारी मात्र मामा पुढं जाऊन शेजारच्या दारापाशी थांबला. बादली आदळल्याचा आवाज आला, तिच्यावर कोणीतरी बसल्याचा आवाज आला. आणि मग मामा बोलायला लागला.

"सांगतो काय, माझा मेहुणा आलाय घरी. दोन दिवसांसाठी म्हणून आला, येताना अंडी उबवायचं यंत्र घेऊन आला. आता दोन दिवसांसाठी येणारा माणूस यंत्र आणतो का? मी बायकोला म्हटलं, तुझा भाऊ राहायला आलाय. ती म्हणाली, तुमच्या मनातच खोट आहे."

पेंटर ताट तसंच टाकून भिंतीला चिकटला. मामा बोलत होता, चांगला खणखणीत. यंत्र कपाटात बसवलं होतं, कारण मेहुण्याच्या मते कपाटात ऊब राहते. मामाचे बाकी कपडे बाहेर दोरीवर, आत फक्त गणवेश आणि अंडी. मग एके सकाळी मामा गणवेश काढायला गेला तर खिशात काहीतरी चोच मारत होतं.

"कोंबडीची म्हणून घेतलेली अंडी," मामा म्हणाला, "आणि निघाली काय?"

तेवढ्यात शिट्टी झाली. मामा उठला, बादली उचलली आणि गेला.

पेंटरला आधी इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माणसाचा आवाज. सरळ, पूर्ण वाक्यं. मग ताटातला पहिला घास उचलला आणि तो तसाच परत ठेवला. ही गोष्ट त्याला सांगितलेली नव्हती. तीन नंबरला सांगितलेली होती.

म्हणजे नियम मला, आणि गप्पा त्याला.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा खाकरून पुढं गेला, पुन्हा बादलीवर बसला. बदकं निघाली होती. जन्मल्याबरोबर त्यांनी पहिलं तोंड मामाचं पाहिलं, त्यामुळे मामाला ती आई समजत होती. तो न्हाणीत गेला की दाराशी रांग. कामाला निघाला की रस्त्यानं मागं रांग. "चौकातला हवालदार मला म्हणतो, मिरवणुकीचा परवाना आहे का? मी त्याला म्हटलं, यांनाच विचार, मी यांना ओळखत नाही. तर सगळी माझ्या बुटावर येऊन बसली."

पेंटर इकडं तोंडात पंचा कोंबून हसला आणि हसता हसता जळला. कोण असेल हा तीन नंबरवाला? काही उत्तर देत नाही, हूं की चूं नाही. पेंटरनं त्याचाही अर्थ लावला: लाडावलेला आहे. मी असतो तर 'मग काय झालं मामा' असं चार वेळा विचारलं असतं. हा नुसता बसून ऐकतो, जसं काही याच्या बापाचं देणंच लागतो मामा. बहुतेक पैसेवाला असणार. दिसायला बरा असणार. पेंटरनं त्याला नाक-डोळे दिले, भांग पाडून दिला, आणि हळूहळू तो तंतोतंत भावजींसारखा दिसायला लागला.

रोज दुपारी मामा यायचा आणि रोज पेंटर दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखी ती गोष्ट ऐकायचा. सासूबाई येऊन दाखल झाल्या. त्यांना बदकांचं वावडं. मेहुण्यानं बदकं लपवायला सासूबाईंचीच ट्रंक निवडली. सासूबाई परत निघाल्या, टॅक्सी बोलावली, ट्रंक डिकीत गेली, आणि मामाला कळलं तेव्हा टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती. मामा गणवेशात, अनवाणी, टॅक्सीमागे. "आणि टॅक्सीवाल्याला वाटलं, पोलीस मागं लागलाय. त्यानं काय करावं?"

शिट्टी झाली.

पेंटरनं भिंतीवर डोकं टेकलं. उद्या ते पुढचं सांगेल, पण त्यालाच, त्या लाडक्याला. मी भिंतीआडचा चोर. रात्रभर त्याला झोप आली नाही. शनिवार जवळ आला होता, तोंड बंद ठेवलं की झालं. हे त्याला कळत होतं. पण जळणाऱ्या माणसाला पाण्याचा पत्ता सांगून उपयोग नसतो.

सकाळी साहेबांची फेरी आली. झाकण उघडून साहेब ठरलेला प्रश्न विचारायचे, "काही तक्रार?" आणि कैद्यानं ठरलेलं उत्तर द्यायचं, "नाही, साहेब." आजवर कोणी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. त्यामुळे साहेब विचारतानाच झाकण लावायला घेत होते.

"आहे," पेंटर म्हणाला.

झाकण अर्ध्यात थांबलं.

"तीन नंबरला गप्पा मिळतात, साहेब. रोज. बदकांच्या. मला नुसतं खाकरणं मिळतं. माझा गुन्हा काय त्याच्यापेक्षा मोठा आहे का? शिक्षा द्यायची तर सगळ्यांना सारखी द्या."

साहेबांनी मामाकडे पाहिलं. मामानं किल्ल्यांचा जुडगा पाठीमागं धरला. साहेबांनी किल्ली मागितली, तीन नंबर उघडला. पेंटर आपल्या झाकणाला गाल लावून तिरका बघत होता, लाडक्याची फजिती बघायला मिळावी म्हणून.

आत एक खराटा होता, दुसरं काही नव्हतं.

"कोणाशी बोलत होतास?" साहेबांनी विचारलं.

"कोणाशीच नाही," मामा म्हणाला. "कैद्याशी बोलायचं नाही असा नियम आहे, साहेब. मी कैद्याशी नाही बोललो. इथं कैदीच नाही."

"मग रिकाम्या खोलीशी?"

"घसा मोकळा करतो."

"भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा?"

मामा खाकरला.

पेंटर झाकणापासून मागं सरला. तो तिथंच खाली बसला. पहिल्या दिवसापासूनचं एकेक वाक्य त्याच्या कानात परत फिरलं, खणखणीत, सावकाश, ऐकणाऱ्याला नीट पोचावं असं. तीन नंबरचा लाडका तोच होता. ते नाक-डोळे, तो भांग, सगळा थाट त्यानं स्वतःच्याच जागी रंगवला होता, आणि वर त्याची चुगली केली होती.

"तुझी बदली करतो," साहेब मामाला सांगत होते. "स्वयंपाकघरावर. पगारवाढ बंद. हा कैदी साक्ष देईलच. काय रे, देशील ना? आणि खोटी तक्रार केली असशील तर तेही सांग. त्याची शिक्षा वेगळी. डब्यातला मुक्काम वाढेल आणि रविवारची भेट जाईल."

पेंटर उभा राहिला. आता इथं एखाद्या भल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असतं? मामाचा पगार, मामाची लेकरं. पेंटरच्या मनात तेही आलं, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आलं ते स्वयंपाकघर. तिथं चाळीस आचारी. मामा त्यांच्या मधोमध बसणार, आणि टॅक्सीवाल्यानं काय केलं ते चाळीस आचाऱ्यांना कळणार. पेंटर सोडून सगळ्यांना. त्या चाळीस तोंडांच्या कल्पनेनं त्याचं डोकं असं भणाणलं की त्याला बायकोसुद्धा क्षणभर दिसेनाशी झाली. मग दिसली. फाटकापाशी उभी. आणि तरीही तो बोलून गेला.

"खोटी आहे, साहेब. मामा काही बोलला नाही. मीच बोलत होतो. दोन्ही आवाज मीच काढायचो."

"काढून दाखव."

पेंटरनं घसा साफ केला. आणि झाकणातून मामाचा आवाज आला, हुबेहूब: सांगतो काय, माझा मेहुणा आलाय घरी. साहेब चमकले. पेंटर पुढं निघाला. यंत्र, कपाट, खिशातली चोच. सासूबाई आल्या तेव्हा त्यानं मेहुण्याच्या तोंडी पदरचं एक वाक्य घातलं, "ताई, बदकं शाकाहारी आहेत."

"असं नाही म्हणाला तो," मामाच्या तोंडून निसटलं.

साहेब वळले. मामा इतका खाकरला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"बोल तू," साहेब पेंटरला म्हणाले. ते आता झाकणाला टेकून उभे होते. ट्रंक डिकीत गेली, टॅक्सी कोपऱ्यावर वळली, मामा अनवाणी धावला. "मग?" साहेब म्हणाले. "टॅक्सीवाल्यानं काय केलं?"

पेंटरनं साहेबांच्या खांद्यावरून मामाकडे पाहिलं. मामानं जमिनीकडे पाहिलं.

"अजून सुचलं नाही, साहेब."

साहेबांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांना आपण साहेब आहोत हे आठवलं. "स्वतःशीच दोन आवाजांत बोलतोस," ते म्हणाले. "होतं असं इथं. बऱ्याच जणांना होतं. एकटं राहायची सवय नसते ना. आणखी महिनाभर राहिलास की होईल सवय." आणि जाता जाता त्यांनी तीन नंबरकडे बोट दाखवलं. "या खोलीत कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या भरा. रिकामी जागा ठेवली की गैरवापर होतो."

खुर्च्या आल्या. शनिवार आला, गेला. मामा ताट सरकवायचा आणि आता खाकरायचासुद्धा नाही. घाबरला होता. पेंटरनं स्वतःच मामाचा आवाज काढून बघितला, पण टॅक्सी कोपऱ्यावर वळली की पुढं रस्ताच नव्हता. नळही बोलेनासा झाला होता, कुणीतरी तो दुरुस्त केला होता. दिवा जळत होता. एकदा त्यानं हात वर करून पाहिला तर तो आपलाच आहे की काय याची खात्री पटायला त्याला वेळ लागला. बाहेर गेल्यावर हे कोणाला तरी सांगायचं असं त्यानं ठरवलं, आणि मग त्याला कळलं की आपणही भिंतीकडे तोंड करून बसलो आहोत.

रविवारी संध्याकाळच्या ताटानंतर बादली आदळली. तीन नंबरच्या दारापाशी.

"खुर्च्यांनो," मामाचा आवाज आला. नेहमीपेक्षा बारीक होता, पण येत होता. "आज मला दुपारपर्यंत फाटकावर उभं केलं होतं. भेटीचा दिवस. एक बाई आली होती. जांभळी साडी, हातात पिशवी. म्हणाली, पेंटरला भेटायचंय. मी म्हटलं, वहिनी, त्यांची भेट बंद आहे."

पेंटर भिंतीला पालीसारखा चिकटला.

"म्हटलं, निरोप असेल तर सांगा. तर म्हणाली, नाही, त्यांचं त्यांनाच सांगेन. पुन्हा येईन म्हणाली. पण लगेच गेली नाही. उन्हातच उभी राहिली. मी पाणी दिलं. डोळे भरले होते तिचे. माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, वहिनी, माझा मेहुणा आलाय घरी."

बादली करकरली.

"सगळं सांगितलं. पार टॅक्सीच्या शेवटापर्यंत. हसली. एवढी हसली की तिला तिथंच पायरीवर बसावं लागलं. हसत हसतच गेली, खुर्च्यांनो. काळजी नको, एवढंच सांगायचं होतं."

बादली उचलली गेली. पावलं लांब गेली.

काळजी नको. पेंटर खोलीच्या मधोमध उभा होता. ती आली होती, पुन्हा येणार होती, हे सगळं त्याला ऐकू आलं होतं आणि त्यानं ते बाजूला ठेवून दिलं होतं. वहिनी म्हणाला. पाणी दिलं. हसली. मामासाठी महिनाभराचा डबा पत्करला, आणि मामानं शेवट सांगितला तिला. ती हसली ती मामाला.

पण कुठलं हसू? विचारायची सोय नव्हती. पेंटरनं तोंडावर हात ठेवून तिचं परक्या माणसासमोरचं हसू हसून पाहिलं. हुबेहूब जमलं. हे असेल तर ठीक आहे, हे ती कोणालाही देते. मग त्यानं तिचं नाकातून येणारं हसू काढलं, जे ती त्याच्या बढाया ऐकताना हसायची. मग स्वयंपाक करताना स्वतःशीच हसायची ते. तेही जमलं. पलीकडे कुठंतरी पावलं थबकली आणि पुन्हा चालू लागली.

पण माणसाला पायरीवर बसावं लागतं ते हसू कसं असतं? पेंटर भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. ते हसू त्याला काढता येईना. ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.